मुंबई–न्यूयॉर्क : जाताना सोळा तास, येताना साडेचौदा

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या थेट विमानाच्या तिकिटावरील वेळा ताडून पाहिल्या, तर त्या प्रथमदर्शनी जुळत नाहीत. उदाहरणादाखल असे समजावे, की हिवाळ्यात एक विमान मुंबईहून पहाटे दोन वाजता निघते आणि त्याच दिवशी सकाळी साडेसात वाजता न्यूयॉर्कला पोहोचते. म्हणजे जगाच्या दुसऱ्या बाजूपर्यंतचा प्रवास साडेपाच तासांत उरकल्यासारखा दिसतो. परतीचे विमान न्यूयॉर्कहून सकाळी अकराला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उतरते, म्हणजे त्याच दोन शहरांमधील प्रवासाला आता पंचवीस तास लागल्यासारखे वाटते. साडेपाच आणि पंचवीस या आकड्यांमधील बहुतेक तफावत घड्याळांची असते आणि ती काढून टाकणे सोपे आहे. ती काढल्यावरही जी दीड तासाची तफावत शिल्लक राहते तिचा उलगडा करायचा, तर पृथ्वीचा आकार, तिचे फिरणे, तिच्यावरील हवा आणि तिच्यावरील राज्यांच्या सीमा या सर्वांचा विचार करावा लागतो.

घड्याळांचा फरक

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि न्यूयॉर्कची हिवाळी वेळ तिच्या पाच तास मागे आहे, त्यामुळे हिवाळ्यात या दोन शहरांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतील बहुतेक राज्ये आपली घड्याळे तासभर पुढे करतात. भारतात ही पद्धत नसल्याने तेव्हा हे अंतर साडेनऊ तासांवर येते. पश्चिमेकडे जाताना हा फरक दिसणाऱ्या वेळेतून वजा झालेला असतो आणि पूर्वेकडे येताना तो मिळवलेला असतो. तेव्हा वरच्या उदाहरणातील साडेपाच तासांत साडेदहा मिळवले, की जातानाचे खरे सोळा तास मिळतात आणि पंचवीसमधून साडेदहा वजा केले, की येतानाचे खरे साडेचौदा तास उरतात. दोन्ही आकड्यांची सरासरी सव्वापंधरा तास असून, साडेपाच आणि पंचवीस या फसव्या आकड्यांची सरासरीही तितकीच येते, कारण घड्याळांचा फरक एकदा वजा आणि एकदा अधिक होऊन आपोआप कटतो. कोणत्याही दोन शहरांमधील जाण्या-येण्याच्या वेळा तिकिटावर दिल्या असतील, तर प्रमाणवेळांचे कोष्टक न पाहताही प्रवासाचा खरा सरासरी काळ या एका युक्तीने काढता येतो.

नकाशावरील सरळ रेघ लांबची का असते

मुंबईचा विमानतळ सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशावर या दोन ठिकाणांना पट्टीने जोडले, तर ती रेघ अरबी समुद्र, सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया व मोरोक्को यांवरून अटलांटिकमध्ये उतरते आणि न्यूयॉर्कला पोहोचते. या मार्गाची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षात या दोन विमानतळांमधील किमान अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे नकाशावर सरळ दिसणारा मार्ग दीड हजार किलोमीटरहूनही अधिक लांबचा आहे.

याचे कारण नकाशाच्या घडणीत आहे. गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशात सर्व रेखावृत्ते एकमेकांना समांतर उभ्या रेघा म्हणून दाखवली होती आणि भिंतीवरील कित्येक नकाशे आजही त्याच धर्तीचे असतात. खऱ्या पृथ्वीवर ही रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवांवर एका बिंदूत मिळतात. एका अंश रेखांशाची रुंदी विषुववृत्तावर १११ किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किलोमीटर, न्यूयॉर्कच्या अक्षांशावर सुमारे ८४ किलोमीटर आणि ६० अंश अक्षांशावर जेमतेम ५६ किलोमीटर असते. मर्केटरने आपला नकाशा दर्यावर्द्यांसाठी काढला होता आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकणाऱ्या खलाशाला तो अतिशय सोयीचा होता. मात्र त्यावर पट्टीने अंतर मोजू नये, कारण तो उत्तरेकडील प्रदेश फुगवून दाखवतो.

या फुगवट्याचा परिणाम किती मोठा असतो, हे एका टोकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध बाजूंना दोन ठिकाणे असल्याची कल्पना केली, तर त्या अक्षवृत्ताच्या कडेकडेने पश्चिमेला जाणाऱ्यास १८० अंश, म्हणजे सुमारे १०,००० किलोमीटर चालावे लागेल. तोच प्रवासी सरळ उत्तरेला निघून ध्रुव ओलांडून पलीकडे उतरला, तर त्याला ३० आणि ३० असे एकूण ६० अंश, म्हणजे अवघे ६,६७० किलोमीटर पुरतील. गोलाच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही नेहमी ज्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच आहे अशा वर्तुळाचा तुकडा असते. अशा वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, पण इतर अक्षवृत्ते नाहीत, म्हणून त्यांच्या कडेने जाणे लांबचे पडते. घरात पृथ्वीगोल असल्यास मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकून बृहद्वृत्तावर स्थिरावतो.

हा दोरा ज्या प्रदेशांवरून जातो त्यांची यादी भूगोलाच्या जाणकारालाही चकित करील अशी आहे. न्यूयॉर्क पश्चिमेला असूनही मुंबईहून निघालेली ही रेषा प्रथम उत्तरेकडेच, पश्चिमेला किंचित झुकून धावते. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानची पश्चिम कड ओलांडून ती जवळजवळ मॉस्कोवरून जाते, तेथून फिनलंड, स्वीडन व नॉर्वे यांवरून समुद्रात उतरते आणि आइसलँडच्या अलीकडे सुमारे पासष्टाव्या अक्षांशाला स्पर्श करून दक्षिणेकडे वळू लागते. पुढे रेक्याविक, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडातील सेंट लॉरेन्सचे आखात यांवरून ती न्यूयॉर्कला येते, म्हणजे ईशान्येकडून.

वाटेतील सीमा

सर्वांत जवळची वाट हा मात्र केवळ भूमितीचा निष्कर्ष आहे. प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर सत्ता असते, त्यातून जाणाऱ्या विमानांकडून ते शुल्क घेते आणि मनात आल्यास वाट बंदही करते. मुंबई–न्यूयॉर्कच्या दोऱ्याखालील पहिलाच परका प्रदेश पाकिस्तानचा असल्यामुळे या मार्गाचे भवितव्य दोन देशांच्या संबंधांशी बांधलेले राहिले आहे. बालाकोटच्या कारवाईनंतर फेब्रुवारी २०१९ पासून जुलै २०१९ पर्यंत आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ पासून पुन्हा पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्या विमानांना अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घालावा लागला. २०२५ च्या बंदीनंतर एअर इंडियाच्या अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधन भरण्यासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावेही लागले.

दोऱ्यावरील दुसरा मोठा देश रशिया. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांनी आणि रशियाने एकमेकांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. भारतीय कंपन्यांना मात्र रशियाने मज्जाव केला नाही. परिणामी अमेरिकी कंपनीच्या विमानाला जी वाट बंद झाली ती भारतीय कंपनीच्या विमानाला खुली राहिली, आणि युनायटेड एअरलाइन्सने त्याच सुमारास आपली नेवार्क–मुंबई सेवा थांबवली. या बंदीची सर्वाधिक झळ फिनलंडला बसली. हेलसिंकी–टोकियो हा प्रवास रशियावरून साडेनऊ तासांच्या आसपास होत असे, तो उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून तेरा तासांवर गेला. दोन विमानतळांमधील अंतर कोणत्याही संकेतस्थळावर एका क्षणात मिळते, पण ते भूमितीचे अंतर असते. विमानाने प्रत्यक्ष किती उडायचे हे परराष्ट्र मंत्रालयेही ठरवत असतात.

विमानाचा वेग नेमका कोणाच्या तुलनेत

लांब पल्ल्याचे विमान साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, असे सांगितले जाते. हा वेग विमानाभोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, कारण पंखांना उचल देणारी आणि इंजिनात शिरणारी हवा तीच असते. याला हवेसापेक्ष वेग म्हणता येईल. प्रवाशाला ज्याच्याशी कर्तव्य असते तो जमिनीसापेक्ष वेग वेगळा आहे, आणि तो विमानाचा वेग व वाऱ्याचा वेग यांच्या बेरजेने किंवा वजाबाकीने ठरतो. नदीतील नावेचा नावाडी एकाच जोराने वल्हे मारत असला, तरी प्रवाहाबरोबर जाताना काठावरील झाडे त्याला भराभर मागे पडताना दिसतात आणि प्रवाहाविरुद्ध येताना तीच झाडे हटता हटत नाहीत. विमानाच्या बाबतीत नदीच्या जागी हवा असते, एवढाच फरक.

आता मुंबई–न्यूयॉर्क मार्गाचा हिशोब करता येतो. वळणे धरून प्रत्यक्ष वाट सुमारे १३,२०० किलोमीटरची आहे आणि संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत आहे, असे धरू. जाताना जमिनीसापेक्ष वेग ९०० वजा ५०, म्हणजे ८५० होतो आणि साडेपंधरा तास लागतात. येताना तो ९५० होतो आणि तेरा तास पन्नास मिनिटांच्या आसपास पुरतात. फरक सुमारे एक तास चाळीस मिनिटांचा येतो. आरंभी शिल्लक राहिलेला दीड तास तो हाच.

वाऱ्याची ही करामत फेब्रुवारी २०२० मध्ये जगाने पाहिली. उत्तर अटलांटिकवर ‘कीरा’ नावाचे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले, आणि वाटेत त्याचा जमिनीसापेक्ष वेग ताशी सुमारे १,३२७ किलोमीटरवर गेला होता. समुद्रसपाटीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, म्हणून काहींनी या विमानाने ध्वनीलाही मागे टाकल्याचे म्हटले. तसे अर्थातच झाले नव्हते, कारण सभोवतालच्या हवेच्या तुलनेत ते आपल्या नेहमीच्याच गतीने चालले होते.

पृथ्वी फिरते, मग पश्चिमेचे विमान लवकर का पोहोचत नाही

येथे एक शंका अनेकांच्या मनात येते आणि ती मुळीच पोरकट नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तिच्या पृष्ठभागाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आणि मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १,५८० किलोमीटर असतो. मग मुंबईवर एक हेलिकॉप्टर तासभर अधांतरी थांबवून ठेवले, तर तेवढ्या वेळात खालून भारत सरकून जाऊन ते अरबी समुद्रावर उतरायला हवे, आणि न्यूयॉर्क तर विमानाकडे स्वतःहून चालत यायला हवे.

तसे होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावपट्टीवर उभे असलेले विमान मुळातच ताशी १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेले असते आणि उड्डाण केल्यावर तो वेग त्याला सोडून जात नाही. भोवतालची हवाही त्याच वेगात सहभागी असते. विमान आपले ९०० किलोमीटर त्या वेगात मिळवते किंवा त्यातून वजा करते, आणि जमीन, हवा व विमान यांचा सामाईक वेग हिशोबातून गळून पडतो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासाच्या वेळेवर होतो तो आडवाटेने, वाऱ्यांच्या मार्फत, आणि तोही या शंकेत अपेक्षिलेल्या परिणामाच्या उलट दिशेने.

जेट प्रवाह

उष्ण कटिबंधातील हवा तापून फुगते, त्यामुळे तिचा थर उंच असतो. ध्रुवाकडील हवा थंड व दाट असल्याने तिचा थर बुटका असतो. जमिनीलगत दोन्हीकडे हवेचा दाब सारखा असला, तरी दहा किलोमीटर उंचीवर गेल्यावर उष्ण बाजूला डोक्यावर अजून बरीच हवा शिल्लक असते आणि थंड बाजूला कमी. म्हणून त्या उंचीवर दक्षिणेकडे दाब जास्त आणि उत्तरेकडे कमी असतो व हवा उत्तरेकडे निघते. पृथ्वी स्थिर असती, तर ती तशीच ध्रुवाकडे गेली असती. परंतु विषुववृत्ताकडून निघालेल्या हवेजवळ पूर्वेकडे जाण्याचा वेग जास्त असतो आणि उत्तरेकडील जमिनीचा तो वेग कमी असतो, म्हणून ही हवा जमिनीच्या पुढे धावू लागते, म्हणजेच उजवीकडे, पूर्वेला वळते. फिरत्या पृथ्वीवरील या वळण्यामागच्या प्रेरणेला कोरिऑलिस प्रेरणा म्हणतात. उष्ण व थंड हवेच्या सीमेवर हे वारे एकवटून काही शे किलोमीटर रुंद आणि काही किलोमीटर जाड असा नागमोडी पट्टा तयार होतो. तोच जेट प्रवाह. त्यातील वारे ताशी १५० ते २०० किलोमीटरने सहज वाहतात आणि कधी कधी ३०० च्या पुढेही जातात. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातील फरक वाढतो, म्हणून तेव्हा हे प्रवाह अधिक जोरकस होतात आणि दक्षिणेकडेही सरकतात.

या वाऱ्यांचे पद्धतशीर मोजमाप प्रथम केले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, आकाशात फुगे सोडून. आपले निष्कर्ष साऱ्या जगाने वाचावेत म्हणून त्यांनी ते १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केले, आणि नेमक्या त्याच कारणाने ते फारसे कोणी वाचले नाहीत. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून बॉम्बफेक करू पाहणाऱ्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्यांशी झगडावे लागले, तेव्हा पाश्चात्त्य जगाला त्यांची जाणीव झाली.

भारताच्या आकाशात आणखी एक गंमत आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर असतो आणि मोसमी पावसाच्या आगमनाच्या सुमारास तो हिमालयापलीकडे हटतो. मग दक्षिण भारतावर, साधारण १४ किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक निराळाच प्रवाह उभा राहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. हा प्रवाह बहुतेक प्रवासी विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर असल्यामुळे त्याचा लाभ मर्यादितच मिळतो.

लांबच्या वाटेने लवकर

वाऱ्याचे महत्त्व कळण्यासाठी दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या मार्गाइतके चांगले उदाहरण दुसरे नसेल. दिल्ली ७७ अंश पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम रेखांशावर असल्याने दोन्ही शहरे पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते. तिची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. मात्र ही वाट हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाते. विमानाच्या आतील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीवर आणावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू काही मिनिटेच पुरतो; तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच असल्याने तेथे खाली येण्यास जागा नसते. म्हणून विमान कंपन्या शक्यतो हा प्रदेश टाळतात.

एअर इंडियाचे हे विमान पूर्वी युरोप व अटलांटिकवरून पश्चिमेकडे जात असे आणि ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेला, म्हणजे पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून पाठवले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर लांबची होती, तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि जुन्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास वाचले. भागाकार केला, तर जमिनीसापेक्ष सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या पुढे निघतो. त्यातील ९०० विमानाचे आणि उरलेले पॅसिफिकवरील जेट प्रवाहाचे. हवेच्या हिशोबाने पाहिले, तर साडेचौदा तासांत विमानाने हवेतून कापलेले अंतर केवळ १३,००० किलोमीटरच्या आसपास होते. उड्डाणाचे नियोजन करणारे लोक जमिनीवरील अंतराशेजारी हे हवेतील अंतरही मांडतात, आणि इंधन किती जळणार हे त्यावरच ठरते.

उत्तर अटलांटिकवर हाच विचार सामुदायिक पातळीवर केला जातो. तेथे कॅनडातील गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडमधील शॅनविक ही नियंत्रण केंद्रे त्या त्या दिवसाच्या वाऱ्यांचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा आकाशातील समांतर वाटा आखतात. युरोपकडे जाणाऱ्या वाटा जेट प्रवाहाच्या पोटातून आणि अमेरिकेकडे जाणाऱ्या त्याला टाळून काढलेल्या असतात. त्यामुळे न्यूयॉर्कला जाणारे विमान आज ज्या वाटेने गेले तिच्यापासून उद्या ते शेकडो किलोमीटर दूर असू शकते.

| चौकट : स्वतः हिशोब करून पाहण्यासाठी |
|---|
| दोन विमानतळांमधील किमान अंतर अंशांत मिळाले, तर त्याला १११ ने गुणावे. मुंबई–न्यूयॉर्कसाठी ते सुमारे ११३ अंश आहे. वळणांसाठी त्यात ५ टक्के मिळवावेत. पश्चिमेकडील लांब प्रवासासाठी त्या बेरजेला ८५० ने आणि पूर्वेकडील प्रवासासाठी ९५० ने भागावे. जमिनीवरील हालचाल, चढण आणि उतरण यांसाठी त्यात अर्धा तास धरावा. उत्तर-दक्षिण प्रवासात वारा आडवा लागतो, म्हणून तेथे दोन्ही दिशांना ९०० चालेल. उत्तर गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांवरील मार्गांना हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो. एखादे आकाश बंद असल्यास मात्र तो चुकतो. |

वेग वाढवून वेळ का वाचवत नाहीत

एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा मे १९६० मध्ये बोइंग ७०७ या जेट विमानाने लंडनमार्गे सुरू झाली आणि मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा ऑगस्ट २००७ मध्ये. या सत्तेचाळीस वर्षांत विमानांचा वेग जवळपास तेवढाच राहिला. वाचला तो वाटेतील थांब्यांचा वेळ. विमान ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागले, की पंखांवरील हवा काही ठिकाणी तो वेग ओलांडते, धक्कालहरी निर्माण होतात आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंश सेल्सियसच्या आसपास असते व तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर असतो. त्याच्या ८५ टक्के म्हणजे साधारण ९०५, आणि आजची लांब पल्ल्याची विमाने याच्याच जवळपास उडतात. काँकर्ड हे स्वनातीत विमान १९९६ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला तीन तासांच्या आत पोहोचले होते, पण इंधनाचा खर्च, आवाज आणि तुटपुंजी प्रवासीसंख्या यांमुळे ते २००३ मध्ये निवृत्त झाले. त्याचा पल्ला तर मुंबई–न्यूयॉर्कला मुळीच पुरणारा नव्हता.

पल्ला वाढवणे हेही सरळ काम नाही. सोळा तासांचे इंधन घेऊन निघालेल्या विमानाच्या वजनाचा मोठा हिस्सा इंधनाचाच असतो आणि शेवटच्या तासाचे इंधन आधीचे पंधरा तास वाहून नेण्यासाठीही इंधन जाळावे लागते. जड विमानाला सुरुवातीला फार उंच जाता येत नाही. जसजसे ते हलके होते तसतसे ते टप्प्याटप्प्याने, उदाहरणार्थ ३१,००० फुटांवरून ३५,००० आणि मग ३९,००० फुटांवर चढते. समोरचा वारा फार जोराचा असेल, तर जास्त इंधन घ्यावे लागते आणि त्या वजनाची भरपाई करण्यासाठी माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात. प्रवाशाला जी एका तासाची दिरंगाई वाटते ती कंपनीला काही आसनांचे नुकसान म्हणून भोगावी लागते.

तिकिटावरील वेळ आणि हवेतील वेळ

तिकिटावर छापलेला काळ हा हवेतील काळ नसतो. त्याला विमान व्यवसायात ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात आणि तो विमानाच्या चाकांखालील ठोकळे निघाल्यापासून गंतव्य विमानतळावर ते पुन्हा लागेपर्यंत मोजतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालणे हे सर्व आले. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते, आणि तिच्यावरून दिवसाला नऊशे-हजार उड्डाणे व अवतरणे होतात. तेथे रांग नसेल तरच नवल. कंपन्या हे सर्व जमेस धरून वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात. म्हणूनच वैमानिक ‘आपण वेळेआधी पोहोचत आहोत’ अशी घोषणा करतो तेव्हा पुष्कळदा वेळापत्रकातील मोकळीकच त्याच्या कामी आलेली असते.

वाऱ्याचा नफा-तोटा

जाताना जे वारे अडवतात तेच येताना ढकलतात, म्हणून जाऊन-येऊन हिशोब सारखाच होत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो तसा होत नाही. १२,००० किलोमीटरच्या मार्गावर वारा नसेल, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाण्यास १३ तास २० मिनिटे आणि परतण्यास तितकीच, अशी एकूण २६ तास ४० मिनिटे लागतील. आता १०० किलोमीटर वेगाचा वारा घातला, तर जाताना ८०० च्या वेगाने १५ तास, येताना १,००० च्या वेगाने १२ तास, म्हणजे एकूण २७ तास होतात. वीस मिनिटांचा हा तोटा अपरिहार्य आहे, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी; वारा जितका जोराचा तितका तोटा अधिक.

ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये हाच मुद्दा बदलत्या हवामानाला लावून पाहिला. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास उत्तर अटलांटिकवरील हिवाळी जेट प्रवाह अधिक जोराचा होईल, पूर्वेकडील विमाने आणखी लवकर आणि पश्चिमेकडील आणखी उशिरा पोहोचतील, आणि दोन्हींची वजावट होऊन प्रत्येक फेरीमागे मिनिटभराहून थोडी अधिक भर पडेल, असे त्यांच्या गणितातून निघाले. एका प्रवाशाला ती जाणवणारही नाही. त्या महासागरावरील सर्व विमानांची मिळून ती वर्षाला सुमारे २,००० तास होते, आणि तेवढे तास जादा इंधन जळते.